श्रुत, स्मृती आणि ग्रंथ : यहुदी आचार्यांच्या वाङ्मयाची जडणघडण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हसनाबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने धर्मग्रंथांच्या जतनाविषयी काही विचार मांडावेत, अशी सूचना मला करण्यात आली. आपल्या आगमांवर बोलण्याचा अधिकार साधू-साध्वींचा आणि पंडितांचा आहे. तो त्यांच्याकडेच ठेवून मी आज दुसऱ्या एका समाजाची कथा सांगणार आहे. हा समाज संख्येने लहान आहे, व्यापार-उदीमात पुढे आहे, आहाराच्या नियमांविषयी दक्ष आहे आणि शास्त्राध्ययनाला पूजेइतकेच मोल देणारा आहे. हा समाज म्हणजे यहुदी, म्हणजेच ज्यू समाज. त्याची कथा परदेशात सुरू होते. पण तिचा एक हृद्य अध्याय आपल्याच महाराष्ट्रात, रायगडच्या किनाऱ्यावर घडला आणि तो मराठी भाषेत लिहिला गेला.

मंदिर गेले, पाठशाळा राहिली

यहुदी धर्माचा मूळ ग्रंथ म्हणजे तोरा, मोशेच्या नावाने ओळखली जाणारी पाच पुस्तके. परंतु त्यांच्या परंपरेची अशी श्रद्धा आहे की, लिखित तोरेबरोबरच एक मौखिक तोराही गुरूकडून शिष्याकडे आली. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम करू नये असे लिखित ग्रंथ सांगतो. पण काम म्हणजे नेमके काय, दिवा लावणे चालेल का, आजाऱ्यासाठी नियम शिथिल होतो का, हे सारे मौखिक परंपरेने ठरविले. ही मौखिक तोरा लिहून ठेवू नये, ती मुखोद्गतच असावी, असा जुना दंडक होता. आपल्याकडेही द्वादशांग श्रुत दीर्घकाळ मुखपरंपरेनेच चालत आले, आणि साधूने पोथ्यांचा संग्रह करणे हा परिग्रह मानला गेला, याचे येथे सहज स्मरण होते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यहुद्यांची सारी उपासना त्या एका मंदिराभोवती गुंफलेली होती. मंदिर गेले, यज्ञवेदी गेली, पुरोहितांचे कार्य संपले. परंपरा सांगते की, वेढा पडलेल्या नगरातून योहानान बेन झक्काई या आचार्यांना त्यांच्या शिष्यांनी शवपेटीत घालून बाहेर काढले. रोमन सेनापतीसमोर उभे राहिल्यावर त्यांनी धन मागितले नाही की मंदिर मागितले नाही. यावने हे लहानसे गाव आणि तेथील विद्वान तेवढे मागून घेतले. कथेतील इतिहास किती, हा विद्वानांच्या चर्चेचा विषय; परंतु तिचा आशय स्पष्ट आहे. दगडाचे मंदिर पडले तरी अध्ययनाची जागा शाबूत राहिली, तर धर्म उभा राहू शकतो.

इसवी सन १३२ ते १३५ या काळात बार कोखबा यांच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध उठाव झाला आणि तो चिरडला गेला. अकिबांसारखे थोर आचार्य मारले गेले. ज्यांच्या स्मरणात शास्त्र होते अशी माणसेच नाहीशी होऊ लागली. दुष्काळामुळे श्रुतधर मुनींचा वियोग झाला, तेव्हा आपल्या संघासमोर जो प्रश्न उभा राहिला, तोच येथे युद्धामुळे उभा राहिला : स्मृतीवर आणखी किती काळ विसंबायचे ?

मिश्ना : मतभेदासह जतन

या प्रश्नाचे उत्तर इसवी सन २०० च्या सुमारास गॅलिली प्रांतात राब्बी यहूदा हानासी यांनी दिले. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची मौखिक वचने संकलित करून 'मिश्ना' सिद्ध केली. या शब्दाचे मूळच 'पुन्हा पुन्हा म्हणणे' असे आहे. शेती व दाने, सण, विवाह, दिवाणी-फौजदारी व्यवहार, मंदिरातील अर्पणे आणि शुद्धी-अशुद्धी असे तिचे सहा विभाग असून त्यांत एकूण ६३ प्रकरणग्रंथ आहेत. मिश्नेत न आलेली वचने 'तोसेफ्ता' या पुरवणीत एकत्र झाली. तोरेच्या वचनांना धरून नियम आणि कथा उलगडणारे 'मिद्राश' नावाचे वाङ्मय त्याच काळात व पुढेही आकार घेत राहिले.

मिश्नेचे एक वैशिष्ट्य आवर्जून सांगितले पाहिजे. तिने केवळ निर्णय नोंदविले नाहीत. निर्णयात मागे पडलेली मतेही नावानिशी नोंदविली. एकट्या माणसाचे अमान्य मत कशासाठी लिहायचे, असा प्रश्न तिनेच उपस्थित केला आहे. उत्तर असे की, उद्या एखाद्या न्यायसभेला त्याच मतात तथ्य दिसले, तर तिला आधार मिळावा.

हिल्लेल आणि शम्माई या दोन आचार्यांच्या शिष्यपरंपरांत शेकडो मतभेद होते. तीन वर्षे एका वादाचा निकाल लागेना, तेव्हा आकाशवाणी झाली की दोन्ही मते ईश्वराचीच आहेत, मात्र आचरण हिल्लेलपक्षाप्रमाणे असावे, अशी आख्यायिका आहे. त्यामागील कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हिल्लेलचे शिष्य सौम्य होते आणि आपले मत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत आदराने सांगत. आपला अनेकांतवाद वस्तूच्या अनंत धर्मांचा विचार करतो, तर हा प्रश्न आचारनिर्णयाचा आहे; दोहोंची भूमिका एक नव्हे. तरीही प्रतिपक्षाचे मत जपण्याची ही शिस्त अनेकांताच्या उपासकांना परकी वाटू नये.

ताल्मूद : पानावरचा संवाद

मिश्ना सिद्ध झाली आणि लगेच तिच्यावर चर्चा सुरू झाली. मिश्नेच्या काळातील आचार्यांना 'तन्ना', म्हणजे पाठ म्हणणारे, आणि नंतरच्यांना 'अमोरा', म्हणजे विवरण करणारे, असे म्हणतात. त्यांच्या चर्चेला 'गेमारा' हे नाव मिळाले. मिश्ना आणि गेमारा मिळून 'ताल्मूद' होतो. एक ताल्मूद गॅलिलीत इसवी सन ४०० च्या सुमारास तयार झाला. त्याला जेरुसलेमचा ताल्मूद म्हणतात. दुसरा बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सूरा आणि पुंबदिता येथील विद्यापीठांच्या परंपरेतून पुढील एक-दोन शतकांत पूर्ण झाला. तोच अधिक विस्तृत आणि अधिक प्रमाण मानला गेला. सुमारे याच कालखंडात, वीर निर्वाण संवत ९८० मध्ये (मतांतराने ९९३ मध्ये), वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली श्वेतांबर आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत त्याही आधी आचार्य धरसेनांनी गिरनारच्या गुंफेत पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना आपले ज्ञान दिले आणि षट्खंडागम लिहिला गेला. परस्परांशी संबंध नसलेल्या या परंपरा एकाच चिंतेतून एकाच मार्गावर आल्या.

ताल्मूदाचे अंतरंग कसे आहे, हे त्याच्या पहिल्याच विषयावरून कळते. यहुदी माणूस दिवसातून दोनदा 'शेमा' म्हणतो. ईश्वर एकच आहे, असे सांगणारे ते एक छोटेसे वचन आहे. मिश्नेचा आरंभ सायंकाळचा शेमा केव्हापासून केव्हापर्यंत म्हणता येतो, या प्रश्नाने होतो. एक आचार्य म्हणतात, रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत. इतर विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. पाठोपाठ एक प्रसंग येतो. गमलिएल यांची मुले मेजवानीहून उशिरा घरी येतात आणि शेमा म्हणायचा राहिला असे सांगतात. पहाट झाली नसेल तर अजूनही म्हटला पाहिजे, असे वडील त्यांना समजावतात. मग विद्वानांनी मध्यरात्रीची मर्यादा का घातली ? माणसाने आळस करून नियम चुकवू नये म्हणून. नियम, मतभेद, घरातला प्रसंग आणि नियमामागचा हेतू अशा चारही गोष्टी एवढ्याशा मजकुरात येतात. पुढे गेमारा प्रत्येक शब्दाची चिकित्सा करते.

आपल्या मूळ सूत्रांवर जशा निर्युक्ती, भाष्य, चूर्णी आणि टीका रचल्या गेल्या, तसेच येथेही झाले. फ्रान्समधील त्र्वा येथील राशी (१०४०–११०५) यांनी ताल्मूदावर सुबोध टीका लिहिली आणि त्यांच्या नातवंडांच्या पिढीपासून 'तोसाफोत' नावाची चिकित्सक टिपणे सिद्ध झाली. व्हेनिसच्या डॅनियल बॉम्बर्ग यांच्या छापखान्यात १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण बॅबिलोनी ताल्मूद छापला गेला. मधोमध मिश्ना व गेमारा, एका बाजूस राशी आणि दुसऱ्या बाजूस तोसाफोत ही पानाची रचना तेव्हापासून रूढ झाली. एकाच पानावर हजार वर्षांतले विद्वान एकमेकांशी बोलत असतात.

या ग्रंथावर संकटेही आली. १२४२ मध्ये पॅरिस येथे ताल्मूदाच्या हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या भरून त्यांची होळी करण्यात आली. तरीही ग्रंथ टिकला, कारण तो वाचणारी माणसे अनेक गावांत होती. १९२३ साली राब्बी मेइर शापिरो यांनी रोज एक पान वाचण्याचा संकल्प मांडला. एकूण २,७११ पाने असल्याने एका आवर्तनाला साडेसात वर्षांच्या आसपास लागतात. तेरावे आवर्तन जानेवारी २०२० मध्ये पूर्ण झाले. दुकान, नोकरी, संसार सांभाळून जगभरचे लोक एका दिवशी एकच पान वाचतात. स्वाध्यायाचे याहून सोपे आणि याहून कठीण रूप दुसरे कोणते असेल ?

एका वासराची कथा

मिश्नेचे संकलक राब्बी यहूदा हानासी यांच्याविषयी ताल्मूदाने एक कथा जपली आहे. ती या सभेत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कत्तलीसाठी नेले जाणारे एक वासरू त्यांच्याकडे धावत आले आणि त्यांच्या वस्त्रात तोंड लपवून हंबरू लागले. तुझा जन्म त्याचसाठी आहे, असे म्हणून त्यांनी त्याला दूर केले. ज्याने दया दाखविली नाही, त्याला यातना भोगाव्या लागतील, असे स्वर्गात ठरले आणि अनेक वर्षे त्यांना असह्य व्याधी जडली. पुढे एके दिवशी त्यांच्या घरातील दासी झाडताना एका लहान प्राण्याची पिल्ले झाडून टाकू लागली. त्यांनी तिला थांबविले. ईश्वराची दया सर्व प्राणिमात्रांवर आहे, याची आठवण दिली. त्या क्षणापासून त्यांची व्याधी दूर झाली.

यहुदी धर्म शाकाहाराचा आदेश देत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांच्या आणि आपल्या अहिंसेत मोठे अंतर आहे. परंतु प्राण्याला वेदना देऊ नये हे तत्त्व त्यांच्या आचार्यांनी शास्त्रात गोवले आणि जनावराला चारा घातल्यावाचून आपण जेवू नये, असे ठरविले. धर्मग्रंथाच्या संकलकाची निष्ठुरताही त्यांनी झाकून ठेवली नाही, उलट तीच भावी पिढ्यांच्या शिकवणीसाठी लिहून ठेवली. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

ग्रंथाविना जगलेला समाज

आता आपण कोकणात येऊ. अलिबागजवळ नवगाव येथे फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत आख्यायिका आहे. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. हे लोक कोकणातील गावोगावी वसले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, अष्टमकर अशी गावांची आडनावे त्यांनी घेतली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा असे. म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

यांच्याजवळ मिश्ना नव्हती, ताल्मूद नव्हता. मग उरले काय होते ? शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, आहाराचे काही नियम, 'नव्याचा सण', 'खिरीचा सण' अशी अस्सल मराठी नावे धारण केलेले सण, आणि एक हिब्रू वचन : शेमा. जन्म असो, लग्न असो की मृत्यू, प्रत्येक प्रसंगी ते शेमाच म्हणत. तो केव्हापर्यंत म्हणावा यावर आचार्यांनी पानेच्या पाने लिहिली, याची त्यांना कल्पनाही नव्हती. पण तो सोडायचा नाही, हे ठाऊक होते. इसवी सन १२०० च्या सुमारास इजिप्तमधील थोर आचार्य मायमोनिडीस यांनी एका पत्रात भारतातील यहुद्यांचा उल्लेख केला आहे. शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे त्यांना शास्त्राचे ज्ञान नाही, असा त्याचा आशय आहे.

मित्रांनो, आपल्याही घरी असेच आहे. षट्खंडागमाचा आरंभ णमोकार मंत्राने होतो आणि धवला टीकेत वीरसेनाचार्यांनी त्या मंत्राचे विस्तृत विवरण केले आहे. ते विवरण वाचलेले आपल्यात किती निघतील ? पण णमोकार येत नाही असे मूल आपल्या घरात सापडणार नाही. एका वचनाच्या आधारावर समाज शतके काढू शकतो, याची बेने इस्रायल समाज ही जिवंत साक्ष आहे.

पोथी मराठीत आली

डेव्हिड राहाबी नावाच्या विद्वानाने या लोकांना ओळखले, त्यांना धर्मशिक्षण दिले आणि काही कुटुंबांकडे 'काजी'पद सोपविले, अशी परंपरा आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून धर्मशिक्षक आले. बगदादहूनही यहुदी व्यापारी आले, म्हणजे ज्या भूमीत बॅबिलोनी ताल्मूद घडला, तेथलेच लोक मुंबई-पुण्यात स्थायिक झाले. पुण्याचे 'लाल देऊळ' ही त्यांपैकी डेव्हिड ससून यांची देणगी.

तथापि ग्रंथ खऱ्या अर्थाने घरात आला तो मराठीतून. वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून वाचावयाच्या पोथीस 'हग्गादा' म्हणतात. तिचा गाभा मिश्नेतील आहे. मुलाने प्रश्न विचारावा आणि वडिलांनी मिसर देशातील दास्यातून झालेल्या मुक्तीची कथा सांगावी, असा त्या रात्रीचा विधी आचार्यांनीच ठरविला. ही हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह प्रसिद्ध झाली. १८७४ मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी तिची सचित्र आवृत्ती काढली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यासाठी हयात वेचली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने सुरू केली. हरिदासी कीर्तनाचे अंग, साकी-दिंडीच्या चाली आणि कथा मात्र तोरेतील ! ग्रंथ हरवलेल्या समाजाला तो आपल्या मायबोलीत परत मिळाला.

ग्रंथ नसण्याची किंमत

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे गेली. तेथे त्यांच्यासमोर अनपेक्षित अडचण उभी राहिली. आचार्यांच्या शास्त्रात घटस्फोटाचा लेखी विधी आहे, निपुत्रिक विधवेला दिराकडून मुक्त करण्याचा विधी आहे. कोकणात ते ग्रंथच नव्हते, तेव्हा हे विधी तेथे पूर्वापार पाळले गेले असतील काय, अशी शंका काढण्यात आली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने इतर यहुद्यांशी त्यांचे विवाह लावण्यापूर्वी पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश दिले. ज्यांनी दोन सहस्रके शनिवार पाळला असे ते मानत, त्यांनाच आपण यहुदी असल्याचे सिद्ध करण्याची वेळ आली. बेने इस्रायल बंधू-भगिनींनी धरणे धरले, जनमत जागे केले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला.

या प्रसंगाला दोन बाजू आहेत. आचाराने समाज जिवंत ठेवला होता, म्हणून तो ठराव होऊ शकला. परंतु लिखित शास्त्र आणि नोंदी जवळ नव्हत्या, म्हणून जिवंत समाजालाही स्वतःची ओळख सिद्ध करावी लागली. घरातील आचार आणि कपाटातील ग्रंथ यांपैकी एकाने भागत नाही, हाच या साऱ्या कथेचा अर्थ मी घेतो.

तिकडे गेलेल्या मंडळींनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमधून चालविले. येथे राहिलेल्या यहुदी समाजाला महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

आपले कर्तव्य

आपल्या परंपरेत ग्रंथभांडारांचे वैभव आहे. विदर्भातील कारंजा येथील भांडारातून डॉ. हीरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणले. मूडबिद्रीत शतकानुशतके जपलेली धवला त्यांच्याच संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागली. कोणीतरी पोथी जपली, कोणीतरी नकलून घेतली, कोणीतरी छापली, म्हणून ती आज आपल्या हाती आहे.

आपल्यासारख्या लहान गावांत आज परिस्थिती काय आहे ? संपूर्ण प्रतिक्रमण मुखोद्गत असलेल्या आजी गावात आहेत आणि त्यांची नातवंडे पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे शिकत आहेत. आजींना पाठ येतो, नातवंडांना अर्थ हवा आहे, आणि दोघांची गाठ वर्षातून पर्युषणाच्या काही दिवसांत पडते. हीच वेळ स्मृतीकडून ग्रंथाकडे जाण्याची आहे. म्हणून माझी विनंती साधी आहे. घरोघरीच्या जुन्या हस्तलिखित वह्या, स्तवने, सज्झाय, पदे ट्रस्टच्या कपाटात सुरक्षित जमा व्हावीत. आजींचा पाठ ध्वनिमुद्रित करून त्याखाली मराठी अर्थ लिहिला जावा. दोन पाठांत किंवा दोन आम्नायांत फरक आढळला, तर एक खोडून दुसरा ठेवू नये. दोन्ही आदराने नोंदवावेत. आणि रोज एक पान, किमान अर्धे पान, वाचण्याचा नियम तरुणांनी घ्यावा.

मंदिराला शिखर बांधणारे दाते आपल्याकडे कधी कमी पडले नाहीत, पुढेही पडणार नाहीत. येत्या पन्नास वर्षांत शिखराबरोबर वाचकही उभे राहोत, अशी सदिच्छा व्यक्त करतो.  बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र !